अर्धा कोयता आणि साठ सेकंद

मित्रांनो, मी मुठीत मावेल एवढं एक जुनं स्टॉपवॉच आहे. व्याकरणात मला 'ते' म्हणतात, पण आयुष्य रुबाबात काढलं असल्यामुळे मी 'आलो, गेलो' असंच बोलणार, तेवढं चालवून घ्या. भिंतीवरची घड्याळं किती वाजले ते सांगतात. ते काम माझं नाही. कुणाला किती वेळ लागला, एवढंच मी सांगतो. डोक्यावरचं बटण दाबलं की पळायचं, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबायचं. आता मी केडगावला हेलनबाईंच्या घरी टेबलाच्या खणात पडून असतो. शेजारी सुया, वाळलेली पेनं आणि कुठल्याशा कुलपाच्या किल्ल्या आहेत. असला शेजार मला शोभत नाही, पण तक्रार कोणाकडे करणार?

माझं कौतुक खूप झालं, तेही सांगेन. पण आधी एक कबूल करतो. पाथर्डीच्या पुढच्या एका गावात एका मुलीची शाळा माझ्यामुळे सुटायची वेळ आली होती. ती गोष्ट लपवून बाकीची बढाई मारण्यात अर्थ नाही. तेव्हा पहिल्यापासून ऐका, म्हणजे माझ्या डोक्यात हवा कशी गेली तेही कळेल.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून पुण्याच्या एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात बसलो. एके दिवशी नगरहून सत्यवान मास्तर आले. त्यांची मुलगी हेलन मानसशास्त्रात एम.ए. झाली होती आणि मनाच्या चाचण्या घ्यायला तिला स्टॉपवॉच लागणार होतं. मास्तरांनी मला कानाला लावलं, डोळे मिटून टिकटिक ऐकली आणि म्हणाले, "हेच द्या."

त्या काळी नगरात मानसशास्त्र म्हणजे काय, हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. रविवारी चर्च सुटल्यावर एका बाईंनी मास्तरांना विचारलंच. मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, ते ओळखायचं शास्त्र." त्यावर बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी एम.ए. कशाला? आमच्या सासूबाई शाळेत न जाता ओळखतात." हेलन सगळ्यांत मोठ्याने हसली. मला ती तेव्हापासून आवडते.

पहिली नोकरी एका मिशन दवाखान्यात लागली. लोक तिला 'डोक्याच्या बाई' म्हणत आणि माझ्याकडे संशयाने बघत. पुंजाराम नावाचे एक म्हातारे बाबा समोर बसले, मी टिकटिक सुरू केली आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं ते उघडेचनात. पाऊण तास गेला. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, माझं किती राह्यलंय, ते मोजतंय व्हय हे?" बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं, बटण दाबायला शिकवलं. मग पुंजारामबाबांनी स्वतःच्या खोकल्याची, नर्सच्या फेरीची आणि चहा यायला लागणाऱ्या वेळेची मोजदाद केली. बोलायला लागले ते वेगळंच. त्या दिवशी माझा मान वाढला, असं मला वाटलं. खरं तर मान बाईंचा होता, पण मी तो खुशाल स्वतःच्या नावावर घेतला.

पुढे देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्यात बाईंना बोलावणं आलं. तिथे ड्रायव्हर निवडायचे होते. लाल दिवा लागला की पायाने ब्रेक दाबायचा आणि किती वेळ लागला ते मी सांगायचं. रामहरी नावाचा एक जुना ड्रायव्हर माझ्या हिशेबात मागे पडला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ह्या दिव्याला ब्रेक मारून काय करू? रस्त्यात पोरगं आडवं आलं का माझा पाय आपसूक जातो. सव्वीस वर्षं झाली, एक कुत्रं मारलं न्हाई." बाई विचारात पडल्या. मला मात्र राग आला. आकड्यापुढे हा माणूस तोंड वर करून बोलतो म्हणजे काय, असं मला वाटलं. मित्रांनो, अहंकार असा हळूहळू चढतो.

त्यानंतर कॉलेज झालं, परीक्षेच्या भीतीने रात्ररात्र न झोपणारी मुलं बघून झाली. काही वर्षं बाई जेलमध्येही जात होत्या. तिथे फाटकावर मला काढून घेत आणि परत जाताना देत, हा अपमान मी अजून विसरलेलो नाही. बाईंच्या केसांत पांढरं दिसू लागलं आणि मग शाळाशाळांमधून तपासणीची कामं आली. जी मुलं अभ्यासात मागे, त्यांची बुद्धी मोजायची आणि अहवाल लिहून द्यायचा. एकेका दिवशी वीस-वीस मुलं असत. एवढ्या घाईत माझ्याइतकं उपयोगी कोण? बाईंचा अंगठा सतत माझ्या बटणावर असायचा.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. पाथर्डीच्या पुढच्या त्या गावात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालायचं. आईबाप सहा महिने कारखान्याच्या मुलखात आणि मुलं इथे, अशी सोय. मुख्याध्यापक गोरक्षनाथ सर शहरातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, सहावीतली सृष्टी आहे ना, तिला नीट बघा. हुशार होती म्हणतात, आता तोंडातून शब्द निघत नाही. तिचे वडील ज्ञानेश्वर आज संध्याकाळी तिला तोडीला न्यायचं म्हणतात. कारण विचारलं तर 'पोरीची गरज हाय' एवढंच. मी त्यांना म्हटलंय, बाईंचा अहवाल येऊ द्या. पोरगी शिकण्यासारखी आहे असं तुम्ही लिहिलं, तर मी दारात आडवा पडेन. पण तुम्हीच नाही म्हणालात, तर कोणत्या तोंडाने अडवू?"

म्हणजे त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य बाईंच्या कागदावर येऊन थांबलं होतं आणि तो कागद माझ्या काट्यावर.

सृष्टी आली. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं गं?"

बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "अर्धा कोयता."

"घरात माणसं कोण कोण आहेत?"

"अर्धाच कोयता राह्यलाय."

नगरात वाढलेल्या बाईंना कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, एवढंच माहीत. त्यांनी कागदावर लिहिलं : उत्तर असंबद्ध. मग लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची चाचणी झाली. कार्डावरच्या चित्रासारखी नक्षी चार ठोकळ्यांनी जुळवायची, वेळ साठ सेकंद. मुलगी एक ठोकळा उचलायची आणि खिडकीकडे बघत बसायची. साठ सेकंद झाले. मी थांबलो. त्यानंतर थोड्या वेळाने तिने नक्षी बिनचूक जुळवली, पण नियम म्हणजे नियम. शून्य. पुढची चार कार्डंही तशीच गेली आणि प्रत्येक वेळी मी ताठ मानेने शून्य दिलं.

बाईंनी अहवाल लिहिला : आकलन मंद, शालेय प्रगतीची शक्यता कमी. लिहिताना त्यांचा हात एकदा थांबला होता, हे मी पाहिलं. पण बाहेर अजून सात मुलं उभी होती. दुपारी गोरक्षनाथ सरांनी तो कागद वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. मी बाईंच्या पिशवीत गेलो आणि आम्ही पाथर्डीच्या जीपमध्ये बसलो.

जीपमध्ये नेहमीसारखी माणसांवर माणसं होती. बाईंच्या शेजारी बनुबाई नावाची, पन्नाशीला आलेली एक बाई रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, बाजाराला निघालेली. ती समोरच्या बाईला म्हणाली, "तुझं बरं हाय बाई, तुझा कोयता पुरा हाय. मी पडले अर्धी. मला कोन नेतंय तोडीला?"

हेलनबाई एकदम वळल्या. "मावशी, अर्धी म्हणजे काय हो?"

बनुबाईला हसू आलं. "एवढं शिकल्या आन कोयता म्हाईत न्हाई? नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता. एकानं तोडायचं, एकीनं मोळी बांधायची. मुकादम जोडीच मोजतो. माझा मालक चार वरसाखाली गेला, तवापासून मी अर्धा कोयता."

 बाईंनी विचारलं, "ज्ञानेश्वरांची सृष्टी माहीत आहे तुम्हाला?"

बनुबाईने तोंड फिरवलं. बाहेर बघतच म्हणाली, "माझा चुलतभाऊ हाय त्यो. त्याची बायकू दसऱ्याच्या आधी गेली. तापात गेली, दोन दिसात. आता पोरीला घालून कोयता पुरा करनार. पन आमचं बोलनं न्हाई. माझ्या मालकाच्या धाव्याला, दहाव्या दिसाला, त्यो आला न्हाई. मग मीबी वहिनीच्या धाव्याला गेले न्हाई."

मित्रांनो, आमच्या लक्षात आलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लेकराने दोन वेळा सरळ सांगितलं होतं की माझी आई गेली. आणि आम्ही त्याला असंबद्ध म्हटलं होतं.

"जीप थांबवा," बाई म्हणाल्या. ड्रायव्हर कुरकुरला, तरी थांबला. बाई उतरल्या आणि उलट्या दिशेने चालू लागल्या. मागे चपलांचा आवाज आला. बनुबाई पिशवी काखेत मारून येत होती. बाईंनी तिला बोलावलं नव्हतं.

"तुमचा बाजार, मावशी?"

"बाजार काय, पुढल्या आठवड्यातबी भरतोय."

पुढे दुधाचा टेम्पो भेटला म्हणून वेळेत पोहोचलो. ऑफिसात ज्ञानेश्वर टेबलाशी उभा होता, शाळा सोडायच्या दाखल्याच्या अर्जावर सही करून पेन खाली ठेवत होता. सृष्टी दाराशी, कपड्यांचं गाठोडं पायाशी घेऊन उभी. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि सरांच्या टेबलावरचा अहवाल उचलून त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या.

"हा कागद चुकीचा आहे. मुलगी मंद नाही. मीच तिचं बोलणं समजून घेतलं नाही. चूक माझी आहे."

गोरक्षनाथ सरांचा चेहरा उजळला. पण ज्ञानेश्वर खाली बघत म्हणाला, "तुमी चुकला आसाल, मॅडम. पन माझा कोयता तर अर्धाच हाय ना."

 कागद दुरुस्त झाला होता, पण घर तसंच होतं. बाई सृष्टीपाशी जाऊन खाली बसल्या. "बाळा, ठोकळे जुळवताना तू खिडकीत काय बघत होतीस?"

"बघत नव्हते. तोडीला न्यायचा टॅक्टर येतो का, ते ऐकत हुते."

तेवढ्यात बनुबाई आत आली. भावाने बहिणीला बघितलं आणि खोलीत सगळे गप्प झाले. बाई उठून आपली पिशवी टेबलावर ठेवायला गेल्या, त्यात माझं बटण दाबलं गेलं आणि मी आतल्या आत पळू लागलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. ज्ञानेश्वर भिंतीकडे बघत होता, बनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सर काहीतरी समजुतीचं बोलायला पुढे झाले, तर बाईंनी हाताने त्यांना थांबवलं. पाच मिनिटं झाली. एवढी लांब शांतता मी जन्मात मोजली नव्हती. मला वाटत होतं, बाई आता काहीतरी म्हणतील, समजूत घालतील, इतक्या वर्षांचं शिक्षण कधी कामाला येणार? पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आज मला कळतं की त्यांचं शिक्षण तेव्हाच कामाला आलं होतं.

अकरा मिनिटं झाल्यावर बनुबाई बोलली.

"वहिनीच्या धाव्याला आले न्हाई मी. चुकलं माझं."

ज्ञानेश्वर तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "म्याबी कुटं आल्तो तुज्या येळंला. कर्नाटकात तोडीला हुतो, सांगावाच उशिरा आला. आन नंतर तोंड दाखवायची लाज वाटली."

"मला काय म्हाईत. मी आपली वाट बघत बसले." बनुबाईने डोळे पुसले. मग सृष्टीच्या पायाशी असलेलं गाठोडं उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा, आत ठिव हे. तुज्या बापाचा कोयता मी पुरा करते. मोळ्या बांधायला माझे हात आजून धड हायती."

सृष्टी जागची हलली नाही. तिने आधी बापाकडे बघितलं. ज्ञानेश्वरने मान हलवली आणि टेबलावरचा अर्ज स्वतःच्या हाताने फाडला. तेव्हा ती पोरगी आत्याच्या कमरेला मिठी मारून जी रडायला लागली, ती महिनाभराचं सगळं रडून मोकळी झाली. मीही तेव्हा रडलो असतो, पण आमच्या जातीला ती सोय नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर आला. भाऊ-बहीण त्यात बसून गेले आणि सृष्टी शाळेच्या फाटकात उभी राहून धूळ दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

त्यानंतर बाईंनी मला वापरणं जवळजवळ सोडून दिलं. चाचण्या घेत, पण वेळ अंदाजाने बघत आणि कुणी अडखळलं तर कागद-पेन बाजूला ठेवून बसत. मला फार लागलं ते. इतक्या वर्षांची सोबत, आणि चूक काय माझ्या एकट्याची होती? मी रुसलो, टिकटिक मंद केली, पण रुसव्याकडे बघायलाही कुणाला वेळ नव्हता. बाई निवृत्त झाल्या, केडगावला राहायला आल्या आणि मी खणात गेलो. खणात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यभर माणसाला किती वेळ लागला ते सांगितलं, का लागला ते एकदाही सांगितलं नाही. ते सांगणं मला जमतच नाही. ते माणसाने माणसाला विचारायचं असतं.

मागच्या वर्षी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, जीभ मात्र अडते. डोक्यात शब्द असतो, ओठांवर यायला वेळ लागतो. भाचा जेम्स आणि त्याची बायको क्रिस्टीना जिवापाड सेवा करतात, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण बाई "मला…" म्हणाल्या की जेम्स विचारतो, "पाणी का, मावशी?" क्रिस्टीना म्हणते, "उशी हवी का?" भेटायला येणारेही तसेच. प्रत्येक जण बाईंचं वाक्य मायेने पूर्ण करून टाकतो. बाई मान डोलावतात आणि गप्प बसतात. दिवसचे दिवस त्यांनी स्वतःचं एकही वाक्य शेवटपर्यंत नेलेलं मी ऐकलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेली बाई अशी बसलेली बघवत नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला चावी देत जा, कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढं केलंत तरी आम्ही खूश असतो. पण वर्गात कुणी उत्तर द्यायला अडला, घरात कुणी म्हातारं माणूस शब्द शोधत बसलं, तर त्याच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नका. तुमच्याजवळ द्यायला दुसरं काही नसलं, तरी थांबणं असतं.

गेल्या रविवारी सृष्टी आली होती. ती आता नगरमधल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. जेम्स आणि क्रिस्टीना चर्चला गेले होते. खण अर्धवट उघडा होता, म्हणून मला सगळं दिसलं. ती बाईंच्या पायाशी खाली बसली आणि वडिलांची, आत्याची खुशाली सांगितली. बाईंनी तोंड उघडलं. "सृष्टी… तू…" आणि शब्द अडला. सृष्टीने पाणी आणलं नाही, उशी सारली नाही, काही सुचवलंही नाही. बाईंचा हात हातात घेऊन नुसती त्यांच्याकडे बघत बसली. बाहेर पुणे रोडवरून गाड्या जात होत्या. किती वेळ गेला, मला माहीत नाही. माझं बटण कुणी दाबलं नव्हतं आणि मलाही मोजावंसं वाटलं नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "तू… जेवलीस का?"

"न्हाई, बाई," सृष्टी म्हणाली. "तुमच्याबरोबर जेवते."